शा. म्हणजे शाखा

पेंटरमामांना हळू बोलता येत नाही. सगळं आयुष्य शिडीवर उभं राहून खालच्या माणसांशी बोलण्यात गेलं, त्यामुळे माणूस खाली उतरला तरी आवाज वरच राहिला, असं त्यांची बायको म्हणते. त्यात सांगायला काही नवीन असेल तर मग बघायलाच नको. शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली ही बातमीसुद्धा ते अशी सांगतात, की ऐकणाऱ्याने पायात चप्पल सरकवून धावत सुटावं. पोटात काही ठेवणं त्यांना जमत नाही, आणि जमत नाही याचं त्यांना वाईटही वाटत नाही.

धंदा पाट्या रंगवण्याचा. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या पाठी, दवाखान्याच्या दारावरचं 'रांगेत या'. पण हे पोटापाण्याचं झालं. खरे मामा बघायचे असतील तर शाळांना सुट्टी लागल्यावर बघावेत. त्यांच्या गावापासून नदीच्या कडेकडेने एक एकेरी रेल्वेलाइन जाते. नदी वळली की लाइन वळते, नदी रुसून लांब गेली की लाइनही जरा लांबून जाते. तिच्यावरच्या छोट्या स्टेशनांवर उतरून आडवाटेला लागलं की खेड्यातल्या शाळा येतात, बहुतेक एकेका खोलीच्या. दर सुट्टीत मामा रंगाचे डबे, ब्रशांची पिशवी आणि शिडी घेऊन या लाइनीला निघायचे. शिडी डब्यात चढवण्यावरून गार्डाशी दरवर्षी भांडण व्हायचं आणि दरवर्षी गार्डच हरायचा. शाळेत पोचलं की आधी फळे काळे करायचे, आणि ते वाळले की भिंतीवर नकाशा.

हा नकाशा म्हणजे मामांचा जीव की प्राण. देशाचा नाही, जगाचा नाही, याच नदीकाठाचा. 'जगाचा नकाशा पुस्तकात असतो. आपला नकाशा भिंतीवर पाहिजे, म्हणजे पोराला बोट ठेवता येतं,' असं ते हेडमास्तरांना सांगायचे, आणि हेडमास्तर हो म्हणायच्या आत भिंत पांढरी करायला घ्यायचे. मग खडूची पूड लावलेली दोरी भिंतीवर ताणून टणकन सोडायची, की सरळ रेघ उमटते. अशा उभ्याआडव्या रेघांच्या चौकटी पाडायच्या आणि मग नदी. नदी एका दमात काढायची, मध्ये ब्रश उचलायचा नाही, असा त्यांच्या वस्तादांचा नियम होता. नदी वरच्या कोपऱ्यात उगवायची आणि मामा तिच्याबरोबर शिडीची एकेक पायरी उतरत जमिनीपर्यंत यायचे. नदीनंतर रेल्वे, काळ्या रेघेवर आडव्या पांढऱ्या रेघा ओढलेली. रेल्वे आली की पोरं टाळ्या वाजवायची.

नकाशा आला कुठून, तर वस्तादांकडून. वस्तादांनी तरुणपणी मोजणी कचेरीत बसून तिथल्या एका फार जुन्या नकाशाची मेणकापडावर शाईने नक्कल काढली होती. रेल्वे नुकतीच आली तेव्हाचा तो नकाशा. वस्ताद गेले आणि मेणकापड मामांकडे आलं, पण येईपर्यंत वाळवीने त्याचा एक कोपरा खाल्ला होता. नेमका तोच कोपरा, जिथे कुठल्या खुणेचा काय अर्थ ते लिहिलेलं असतं. बाकी खुणा कळण्यासारख्या होत्या. वि. म्हणजे विहीर, पू. म्हणजे पूल, स्टे. म्हणजे स्टेशन. अडलं फक्त एका ठिकाणी. मधल्या एका स्टेशनापासून एक तुटक रेघ निघून नदीच्या वळणापर्यंत गेली होती आणि तिच्या टोकाला लिहिलं होतं, 'शा.'

मामांनी डोकं लावलं. मोठी लाइन अखंड रेघेने दाखवली, मग छोटी लाइन तुटक रेघेने दाखवणार. मोठी लाइन ती मुख्य, छोटी ती शाखा. शा. म्हणजे शाखा! यात न कळण्यासारखं काय होतं? त्यांना इतका आनंद झाला, की त्याच दिवशी न्हाव्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगून झालं, की आपल्या नदीकाठी पूर्वी रेल्वेची एक शाखा होती आणि आज तिची कुणाला शुद्धही नाही. तेव्हापासून नदीकाठच्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर ती शाखा आली, चांगली ठसठशीत, काळीपांढरी. जी पोरं ती बघून भूगोल शिकली, त्यांची पोरं आता तीच बघून भूगोल शिकतात.

बाकी गावांनी ती शाखा पाहिली आणि सोडून दिली. वळणावरच्या गावाला मात्र तिने वेड लावलं. त्या गावाकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. बाजार नाही, पूल नाही, बस आली तर आली. आणि एक दिवस शाळेच्या भिंतीवर कळलं, की आपल्या गावात आगगाडी येत होती! पोरं भिंतीवरच्या शाखेवरून बोट फिरवत झुकझुक करायची, इतकी, की तिथला रंग मामांना दर दोन वर्षांनी नव्याने द्यावा लागायचा. नदीजवळ दगडमातीचा एक उंचवटा होता, त्याला पोरं 'फलाट' म्हणायला लागली. मग पोरांचे बाप म्हणायला लागले. मग गावातले सगळ्यात म्हातारे आबा एकदा पारावर बसून म्हणाले, की माझे आजोबा त्या गाडीचं सांगायचे, आणि तिथून गाडी अगदी पक्की झाली. मामा त्या गावच्या वाटेला लागले, की पोरं लांबूनच ओरडायची, "स्टेशनमास्तर आले, स्टेशनमास्तर आले!" सख्ख्या जावयाची होत नाही एवढी सरबराई मामांची त्या गावात होत असे.

मामांनी प्रत्यक्ष जमिनीवर ती शाखा शोधली नाही असं नाही. स्टेशनापासून वळणापर्यंत ते कितीदा तरी चालत गेले. रूळ नाही, स्लीपर नाही, खडीचा एक दगड नाही. 'उपटून नेलं असेल हो सगळं, लोखंड आहे, सोडतात की काय,' असं ते बायकोला सांगायचे. बायको म्हणायची, "खडीसुद्धा वेचून नेली? मोठी नीटनेटकी माणसं होती म्हणायची."

यंदा सुट्टी संपल्यावर त्या गावच्या शाळेला दुसरी खोली मिळाली. मोठ्या बाईंनी, म्हणजे तिथल्या हेडमास्तरीणबाईंनी, मामांना निरोप पाठवला. नव्या खोलीची पूर्ण भिंत तुमची, नकाशा मोठा काढा, आणि आपली शाखा अगदी मधोमध येऊ द्या. खोली उघडायला आबा येणार होते आणि सगळं गाव जमणार होतं. मामांचे पाय जमिनीला लागेनात. एवढी भिंत त्यांना आजवर कुणी दिली नव्हती.

आणि योग असा, की त्याच आठवड्यात मोजणी कचेरीने आपलं नकाशाघर एक दिवस लोकांना बघायला उघडं ठेवलं. म्हणजे वस्तादांनी ज्याची नक्कल केली तो मूळ नकाशा! मामा सकाळपासून तयार होऊन बसले. बायकोला म्हणाले, "चल, चल, शाखेचं स्टेशन कसलं होतं ते तरी कळेल. नाव असेल, फलाट असेल, पाण्याची टाकी असेल! भिंत एवढी मोठी आहे, सगळं दाखवता येईल." वाटेत बसमध्ये त्यांनी दोन अनोळखी माणसांना शाखेची सगळी कथा सांगितली. त्यातला एक माणूस आपल्या स्टॉपच्या आधीच उतरला.

नकाशाघर म्हणजे लांबलचक खोली, मध्ये मोठी टेबलं, भिंतीला लागून सपाट खणांची लोखंडी कपाटं. वाळलेल्या खळीचा आणि जुन्या कागदाचा वास. तिथल्या बाईंनी आल्याआल्या सांगितलं, की हात लावायचा नाही आणि मोठ्याने बोलायचं नाही. मामांच्या बायकोने कपाळाला हात लावला. पहिली अट जमेल, दुसरीचं कठीण आहे, एवढं तिने त्या बाईंना आधीच सांगून ठेवलं.

मामांनी नदी लांबूनच ओळखली. काचेखाली नकाशा अंथरला होता, मळकट पिवळा, मागे कापड चिकटवलेला, आणि त्यावर त्यांची नदी, ते ज्या वळणावर शिडीची चौथी पायरी उतरतात तेच वळण. "अगं, ही बघ! ही बघ!" त्यांचं सुरू झालं. एखाद्याला स्वतःच्या लग्नाचा फोटो सापडावा तसे ते त्या काचेवर वाकले. ही लाइन, हा पूल, ही विहीर, आणि हे आपलं स्टेशन, इथून निघाली बघ तुटक रेघ, अशी, अशी, अशी, आणि ही शा.! आहे, आहे, अगदी जागच्या जागी आहे! मग त्यांची नजर खालच्या कोपऱ्याकडे गेली. वाळवीने खाल्लेला कोपरा इथे शाबूत होता. त्यात सुबक अक्षरांत खुणांची ओळ लावली होती. विहीर, पूल, स्टेशन. त्याखाली तुटक रेघ आणि तिच्यापुढे लिहिलं होतं 'पायवाट'. त्याखाली 'शा.', आणि तिच्यापुढे 'शाळा'.

मामांनी तो शब्द दोनदा वाचला. मग चष्मा काढला, पुसला आणि परत वाचला. शाळाच होती.

आता असं आहे, की शाळा हा शब्द इतक्या वर्षांत त्यांच्या मनात कधी आलाच नव्हता असं नाही. आला होता. पण शाळा असती तर नकाशावर ढीगभर शा. असायला हव्या होत्या, एकच कशी असेल, असं म्हणून त्यांनी तो झटकून टाकला होता. त्यांनी स्वतः एवढ्या शाळांचे फळे काळे केले होते, की अख्ख्या नदीकाठाला मिळून एकुलती एक शाळा असण्याचा काळ त्यांच्या डोक्यात बसणं शक्यच नव्हतं. शाळांत जन्म घालवलेला माणूसच ही चूक करू शकतो, आणि ती मामांनी केली होती, काळ्यापांढऱ्या रंगात, गावोगाव.

दुसरा कुणी असता तर तोंड लपवून बाहेर पडला असता. मामा आधी हसले. असे हसले, की नकाशाघरातल्या बाई उठून आल्या. "बाई, मी रेल्वे बांधली हो!" मामा डोळे पुसत म्हणाले. "एकट्याने बांधली! सरकारला पत्ता नाही!" बाईंना सगळं सांगितल्यावर त्याही ओठ दाबून हसल्या, आणि हसता हसता त्यांनी कपाटातून पुढच्या काळातले दोन नकाशे काढून दाखवले. त्यांत नदीने कूस बदलली होती, वळण पुढे सरकलं होतं, आणि ती शाळा कुठेच नव्हती. "पाण्याने नेली असेल," बाई म्हणाल्या. "पण ही नोंद मोठी आहे हो. या सगळ्या काठावरची पहिली शाळा तुमच्या त्या वळणावर होती. रेल्वेवाले तर तिच्यानंतर आले." हे ऐकलं आणि मामा पुन्हा पेटले. पहिली शाळा! सगळ्यात पहिली! हे त्या गावाला सांगायलाच हवं, आत्ताच्या आत्ता!

बाहेर पडल्यावर बायकोने त्यांचा दंड धरला. "मग तुमची गाडी कधी सुटलीच नाही म्हणायची."

"नाही सुटली! अगं, पण पहिली शाळा..."

"अहो, जरा थांबा, श्वास घ्या. त्या गावाला तुम्ही शाळा नव्हती दिली, गाडी दिली होती. त्यांच्याकडे तेवढी एकच वस्तू आहे. आता सगळ्या गावासमोर जाऊन ती काढून घेणार?"

मामा रस्त्यातच थांबले. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. शाखा पुसली तर गाव रिकामं, आणि नाही पुसली तर एवढ्या मोठ्या भिंतीवर जाणूनबुजून खोटी रेघ. आतापर्यंतची रेघ चुकीची होती, पण खोटी नव्हती. त्यांना एकदम आबांचा चेहरा दिसायला लागला, गाडीचं सांगताना होतो तसा.

"शाखा राहू दे," बायको म्हणाली. "शाळाही दाखवा. दोन्ही काढा. कुणाचं काय बिघडतं?"

"बघतो," मामा म्हणाले. घरी पोचेपर्यंत ते गप्प होते. बायकोला त्यांची काळजी वाटली, आणि त्या गावाला त्यांच्याबरोबर आपणही जायचं हे तिने तिथेच ठरवलं. लोकांनी शिडी हलवली तर धरायला कुणीतरी हवं.

खोली उघडायच्या दिवशी सकाळी मामा शिडीवर चढले तेव्हा गाव आधीच जमलं होतं. नव्या खोलीला अजून चुन्याचा वास होता. पोरं जमिनीवर मांडी घालून बसलेली, त्यांच्या मागे त्यांच्या आया, दारात माणसं, आणि सगळ्यांच्या पुढे खुर्चीवर आबा, धुतलेल्या कपड्यांत, काठी गुडघ्यांत धरून. मोठ्या बाई लगबगीने इकडून तिकडे करत होत्या. मामांनी नदी एका दमात काढली. कधी नव्हे ती इतकी सुरेख वाहिली, की दारातले लोकही वाहवा म्हणाले. मग लाइन आली, टाळ्या झाल्या. लाइन त्या स्टेशनापर्यंत आली आणि मामांचा ब्रश थांबला.

"आता आपली!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्या पोरांनी एका सुरात झुकझुक धरली.

मामांनी ब्रश डब्यात बुडवला, वर काढला, पुन्हा बुडवला. घरून निघताना शेवटी दोन्ही काढायचं ठरलं होतं. बायको खालून डोळ्यांनी सांगत होती, काढा, काढा. पण ज्याच्या पोटात मांजरीची पिल्लं राहत नाहीत त्याच्या पोटात अख्खी रेल्वे कशी राहणार?

"गाडी नव्हती!" मामा शिडीवरून ओरडले.

झुकझुक बंद झाली. मग मामांचा बांध फुटला. मूळ नकाशा, खाल्लेला कोपरा, पायवाट, शाळा, सगळ्यात पहिली शाळा, रेल्वेच्याही आधीची, सगळं त्यांनी एका श्वासात सांगितलं, हातवारे करकरून, ब्रशमधला काळा रंग पोरांच्या अंगावर उडवत. त्यांना वाटलं होतं, पहिली शाळा म्हटल्यावर गाव नाचेल. कुणी हललं नाही. एक बाई म्हणाली, "म्हणजे फलाटसुद्धा नाही?" मागून कुणीतरी म्हणालं, "इतकी वर्षं आम्हाला येडं बनवलं." एक लहान मुलगी रडायला लागली, आणि ती का रडते आहे हे तिच्या आईलाही सांगता येईना.

आबा उठून उभे राहिले. त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

"पेंटर, तुझा नकाशा चुकला असेल. माझा आजोबा नाही चुकणार. मी त्याच्या मांडीवर बसून ऐकलंय."

"आबा, मी त्यांना चुकीचं नाही म्हणत..."

"तो म्हणायचा, रूळ वाजला की आम्ही पळत सुटायचो. अशा शब्दांत म्हणायचा. रूळ कशाने वाजतो? गाडी आल्याशिवाय रूळ वाजतो का? सांग सगळ्यांना. माझा आजोबा खोटारडा होता, असं सांग."

 शिडीवर मामा एकदम म्हातारे दिसायला लागले. मोठ्या बाई पोरांना बाहेर न्यावं की काय या विचारात होत्या. तेवढ्यात शिडी धरून उभी असलेली मामांची बायको म्हणाली, "आबा, अजून काय म्हणायचे ते?"

"अजून काय?"

"पळत सुटायचे, मग? पोचायला उशीर झाला तर?"

आबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "उशीर झाला तर बाहेर उभं राहायचं. हे तो नेहमी सांगायचा. उशीर झाला की बाहेर उभं. पाय दुखेपर्यंत."

"अहो आबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज नवऱ्याच्या वर गेला, "गाडी चुकली तर माणूस घरी जातो! बाहेर कशाला उभा राहील? बाहेर कोण उभं करतं?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. उत्तर त्यांना सगळ्यात आधी कळलं, कारण त्यातली निम्मी त्याच आठवड्यात बाहेर उभी राहिली होती. "बाई!" पोरं ओरडली. "बाई उभं करतात!"

"मी स्टेशनाजवळच्या शाळेत शिकले," मामांची बायको भराभर सांगायला लागली. "आम्हाला घंटा नव्हती. रेल्वेवाल्यांनी दिलेला रुळाचा तुकडा झाडाला टांगलेला होता, त्यावर शिपाई लोखंडी कांब हाणायचा. ठण्ण! पार नदीपलीकडे ऐकू जायचं. आम्ही घंटा झाली असं कधी म्हटलंच नाही. रूळ वाजला म्हणायचो. रूळ वाजला की दप्तर उचलून पळायचो. रेल्वे नवी आली तेव्हा इथल्या शाळेलाही दिला असेल एखादा तुकडा. तुमचे आजोबा अगदी खरं सांगत होते, आबा. शब्द न् शब्द खरं!"

मग जो गोंगाट झाला तो विचारू नका. सगळे एकदम बोलायला लागले. शाळेची घंटा पितळेशिवाय कशाची असू शकते हे ज्यांना ठाऊकच नव्हतं ती पोरं आपल्यालाही रूळच पाहिजे म्हणून मोठ्या बाईंच्या मागे लागली. मोठ्या बाई त्यांना दटावायचं सोडून स्वतःच टाळ्या वाजवत होत्या. "पहिली शाळा! आपली! म्हणजे बाकी सगळ्या शाळा आपल्यानंतरच्या!" कुणाच्या तरी डोक्यात आलं, की मग तो फलाट म्हणजे शाळेचं जोतं तर नसेल? अर्धा वर्ग दारातून बाहेर, त्यांच्या मागे त्यांचे बाप. मामा शिडीवरून ओरडत होते, "उकरू नका रे! हळू! मला येऊ द्या!" आणि उतरता उतरता त्यांचा एक पाय रंगाच्या डब्यात गेला.

खोली निम्मी रिकामी झाली तेव्हा लक्षात आलं, की आबा पुन्हा खुर्चीवर बसले आहेत. ते बाहेर बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते. मोठ्या बाईंनी त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

"म्हणजे तो शाळेत जात होता," आबा म्हणाले.

"जात होते की," मामांची बायको म्हणाली. "आणि उशिरा जात होते."

आबांना हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. "माझा बाप मला म्हणायचा, आपल्या घरात अक्षर नांदत नाही. आपल्यात कुणी शाळेची पायरी चढलेलं नाही, तू चढून काय करणार? म्हणून मला पाठवलंच नाही. त्याला ठाऊकच नव्हतं." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "बाप जन्मायच्या आधीच शाळा वाहून गेली असेल. आजोबाने रूळ म्हटलं, आणि आम्ही सगळे गाडी ऐकत बसलो."

मामा डब्यातला पाय झटकत जवळ आले. त्यांनी त्यांना येणारी एकच गोष्ट केली. ब्रश उचलला आणि स्टेशनापासून वळणापर्यंत पायवाटेची तुटक रेघ काढायला घेतली. रेघ पोचली, तिच्या टोकाला त्यांनी लाल रंगाची लहानशी चौकोनी खोली काढली आणि शेजारी पूर्ण शब्द लिहिला, शाळा.

"ही वाट स्टेशनाकडून आली," आबा म्हणाले. "स्टेशनाकडून आजोबा कशाला येईल? आमचं घर इकडे, नदीच्या बाजूला. इथून काढ की एक."

मामांचा हात थांबला. "आबा, मूळ नकाशात तिकडून वाट नाही."

"आमचं घर आहे?"

"नाही."

"मग वाट कुठून असेल?"

मामांनी बायकोकडे पाहिलं. नकाशात नसलेली रेघ भिंतीवर काढली की काय होतं, हे त्या दोघांइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं.  बायकोने रंगाचा डबा उचलून त्यांच्या हाताशी धरला. मामांनी नदीच्या बाजूला आबांनी दाखवलं तिथे एक घर काढलं, आणि तिथून बारीक ब्रशने, एकेक पाऊल टाकल्यासारखी, तुटक रेघ शाळेकडे न्यायला सुरुवात केली. शाळेच्या चौकोनापाशी येऊन ते थांबले.

"झाली, आबा. दारापर्यंत आणली."

"दारापर्यंत नको," आबा म्हणाले. "रोज काय उशीर होत नसेल. आत नेऊन सोड त्याला."

मामांनी ब्रश पुन्हा बुडवला आणि रेघ आत नेली.